आपलंच, दुसऱ्याच्या हातून

अर्ज कसा लिहायचा हे आपण सगळेच शाळेत शिकलो. आधी दिनांक, मग ‘प्रति’, मग ‘विषय’, ‘महोदय’, आणि शेवटी ‘तरी मला अमुक मिळावे, ही नम्र विनंती’. हा साचा हाताला इतका बसलेला असतो की लिहिताना त्याचा अर्थ डोक्यात येतच नाही. माझ्याही आला नव्हता. एका म्हाताऱ्याने तो मला विचारला.

गेली काही वर्षं शहापूर-मुरबाड भागातल्या वाड्यांवर मी वनहक्काचे दावे भरायला मदत म्हणून जातो. काम तसं साधं. छापील नमुना भरायचा, पुरावे लावायचे, ग्रामसभेच्या वनहक्क समितीकडे द्यायचं. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून आदिवासी कुटुंब जी वनजमीन कसत आहे, तिच्यावरचा त्याचा हक्क मान्य होऊ शकतो, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत. पुरावा म्हणून गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब चालतो. वनखात्याने पूर्वी कधी अतिक्रमण म्हणून दंड केला असेल तर त्याची पावतीही जोडली जाते. म्हणजे ज्या कागदाने माणूस गुन्हेगार ठरला होता, त्याच कागदाच्या आधारे तो आता हक्क सांगतो. असे कागद लोक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, उंदीर पोचणार नाहीत अशा बेताने आढ्याला टांगून ठेवतात.

माहुलीच्या बाजूला एका ठाकरवाडीत अशीच एक पिशवी खाली उतरवली गेली. आत चार जुन्या दंडपावत्या होत्या. मी नमुना भरला, सोबत जोडायला एक पानभर अर्ज लिहिला आणि वाचून दाखवला. ‘सदर जमीन मला मिळावी, ही नम्र विनंती.’ म्हातारबाबा शाईच्या पॅडवर अंगठा टेकवायच्या बेतात होते, ते थांबले.

“मिळावी म्हंजे?”

“म्हणजे तुमच्या नावावर व्हावी, बाबा.”

“आता कुणाकडं हाये ती?”

मी गप्प.

“माझ्याकडंच हाये ना? बाप कसत होता, मी कसतो. मंग माझीच मी मागू कशाला?”

त्यांचा मुलगा वैतागला. त्याला कागद हवा होता आणि त्याचं काहीच चुकत नव्हतं. कागद नसेल तर कर्ज नाही, योजना नाही. उद्या रस्ता आला, विजेची लाइन आली, तर कागद नसलेल्याशी कोण बोलणार? “बाबा, दे ना अंगठा. मास्तरांची गाडी जाईल.” बाबा उठून बाहेर जाऊन बसले. त्या दिवशी मी अंगठा न घेताच परतलो.

आसनगाव स्टेशनवर गाडीची वाट बघताना समोर माहुलीचे सुळके दिसतात. तुम्हीही लोकलमधून किंवा कुणाच्या तरी रीलमध्ये ते पाहिले असतील. बाबांचा प्रश्न डोक्यात होता आणि समोर तो डोंगर होता. या दोघांचा काही संबंध आहे, हे मला तिथे पहिल्यांदा जाणवलं. जे आधीपासून आपलंच आहे ते दुसऱ्याच्या हातून घ्यावं का? आणि घेतलं, तर आपण नेमकं काय कबूल केलेलं असतं? माहुलीवर हाच प्रश्न पावणेचारशे वर्षांपूर्वी उभा राहिला होता. तेव्हा समोर मोगल साम्राज्य होतं.

*

शहापूर आणि मुरबाडमधून समुद्र दिसत नाही. तरी उत्तर कोकणचा किनारा कुणाचा, हे पुष्कळदा या दोन तालुक्यांत ठरलं. सोपारा, वसई, कल्याण, भिवंडी इथे उतरलेला माल देशावर न्यायचा तर घाट चढावा लागतो, आणि थळघाट, माळशेज, नाणेघाट या सगळ्या वाटा इथून जातात. नुसतं बंदर हाती असून भागत नाही. बंदराच्या पाठीमागचा डोंगरही हाती असावा लागतो. माहुली हा असा डोंगर आहे. पळसगड, माहुली आणि भंडारगड असे तीन किल्ले एकमेकांना खेटून उभे, आणि खाली कल्याणच्या खाडीकडे उतरत जाणारा मुलूख.

१६३३ मध्ये मोगलांनी दौलताबाद घेतलं आणि तिथल्या निजामशहाला ग्वाल्हेरच्या कैदेत टाकलं. निजामशाही तिथेच संपायची. पण शहाजीराजांनी त्याच घराण्यातल्या एका मुलाला गादीवर बसवलं आणि त्याच्या नावाने तीन वर्षं राज्य चालवलं. शेवटी १६३६ मध्ये खुद्द शहाजहान दख्खनेत आला. मे महिन्यात त्याचा विजापूरच्या आदिलशहाशी तह झाला. आदिलशहाने बादशहाचं वर्चस्व मान्य करायचं, वीस लाख रुपयांची पेशकश भरायची, आणि त्या बदल्यात निजामशाहीच्या मुलखातला एक मोठा वाटा त्याला मिळायचा. त्या वाट्यात कोकण होतं.

यानंतर मोगलांचा खानजमान आणि आदिलशाहीचा रणदुल्लाखान असे दोघे मिळून शहाजीराजांच्या मागे लागले. पाठलाग माहुलीवर येऊन थांबला. वेढा पडला, आणि वर्ष संपायच्या आत शहाजीराजांना तह करावा लागला. गादीवर बसवलेलं मूल मोगलांच्या स्वाधीन झालं. जुन्नर, त्र्यंबक आणि आणखी काही किल्ले द्यावे लागले. शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले. पुण्याकडची जहागीर त्यांच्याकडेच राहिली. त्यांच्या वडिलांपासूनची ती जहागीर आता आदिलशहाने दिलेली म्हणून त्यांच्याकडे होती.

या घटनाक्रमात मला एक गोष्ट चमत्कारिक वाटते. तह मे महिन्यातला, आणि माहुली पडली त्यानंतर. म्हणजे शहाजहानने आदिलशहाला कोकण दिलं तेव्हा या डोंगरावर मोगलांचा एकही शिपाई नव्हता. जे हातात नाही तेच त्याने दिलं. आणि आदिलशहाने ते घेतलं, पेशकश कबूल करून घेतलं. आदिलशहाने हात पुढे केला त्या क्षणी कोकण बादशहाचं झालं, कारण ‘तुमच्याकडून मिळालं’ म्हटलं की ‘ते तुमचं होतं’ हे आपोआप मान्य होतं. त्यासाठी मोगलांना किनाऱ्यापर्यंत यायचीही गरज पडली नाही.

साम्राज्य म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर घेणारा येतो. तोफा, वेढे, लूट. ते सगळं होतंच. पण घेतलेलं टिकवायला सारखी फौज ठेवावी लागते, आणि ती महाग पडते. देणं स्वस्त असतं. त्याच माणसाला तेच गाव, तीच जहागीर परत द्यायची, फक्त सनदेवर आपला शिक्का मारायचा. त्याला वाटतं, माझं वाचलं. आणि राज्य बसतं.

*

हा रिवाज मोगलांनी शोधून काढलेला नाही. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्याला वैशाखरे लागतं, तिथून पायवाटेने नाणेघाट चढता येतो. वर पोचल्यावर एक लेणं आहे. त्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्या लेखात बराचसा भाग यज्ञांच्या वेळी दिलेल्या दक्षिणेची यादी आहे. हजारो गायी, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. आणि लेण्यापासून थोड्याच अंतरावर दगडाचा एक मोठा रांजण आहे. घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्यांची जकात त्यात टाकली जायची असं सांगतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा रांजणासोबत फोटो काढला आणि लेख न बघताच उतरलो. आता वाटतं, ती जोडी बघण्यासारखी आहे. जकात वाटेवरच्या प्रत्येकाकडून घेतली, तिची यादी कुठे नाही. दिलेल्याची मात्र दगडात कोरलेली आहे.

किनाऱ्यावर पोर्तुगीजांनीही राज्य मिळवलं ते याच वाटेने. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या चढाईने अडचणीत होता. पोर्तुगीजांशी वैर परवडणारं नव्हतं, म्हणून डिसेंबर १५३४ मध्ये त्याने वसई आणि तिच्यासोबत साष्टी, मुंबई हा मुलूख त्यांना देऊन टाकला. तहावर सह्या झाल्या त्या जहाजावर. ज्यांच्या जमिनीबद्दल तो तह होता ते लोक किनाऱ्यावर आपापल्या कामात असणार. पोर्तुगीजांनी मग ती गावं आपल्या लोकांना खंडाने वाटली. मुंबई बेट काही काळ गार्सिया द ऑर्ता या वैद्याकडे होतं. १६६१ मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येचं इंग्लंडच्या राजाशी लग्न ठरलं आणि मुंबई आंदणात गेली. १६६८ मध्ये त्या राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. तहाने, खंडाने, आंदणात, भाड्याने. एकशे चौतीस वर्षांत मुंबई इतक्या वेळा ‘दिली’ गेली, आणि प्रत्येक वेळी देणारा म्हणून ज्याचं नाव लागलं तो तिचा मालक ठरला.

*

आता या प्रश्नाच्या अवघड बाजूकडे येतो. दुसऱ्याच्या हातून आपलंच घेणारा माणूस चुकतो का?

शिवाजी महाराजांनी ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि जानेवारी १६५८ मध्ये माहुली. वडिलांना जिथे सगळं सोडावं लागलं होतं तो किल्ला मुलाने बावीस वर्षांच्या आत घेतला. कल्याणच्या खाडीत जहाजं बांधायला सुरुवात झाली. हे त्यांनी कुणाकडून मिळवलं नव्हतं, स्वतः घेतलं होतं. मग १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंह आला, पुरंदरला वेढा पडला, मुरारबाजी पडला. वेढ्यात माणसं अडकली होती. जूनमध्ये तह झाला. तेवीस किल्ले मोगलांना द्यायचे, त्यात माहुली. बारा किल्ले महाराजांकडे राहायचे, पण बादशहाशी इमान राखण्याच्या अटीवर. ते बाराही त्यांचेच होते. तहानंतर ते बादशहाच्या मर्जीने त्यांचे झाले.

याच तहात आणखी एक कलम होतं. आदिलशाहीच्या ताब्यातला कोकण आणि बालाघाट इथला नऊ लाख होनांचा मुलूख महाराजांनी स्वतः जिंकून घ्यायचा, त्याला बादशहाने फर्मानाने मान्यता द्यायची, आणि त्या बदल्यात महाराजांनी चाळीस लाख होन हप्त्याहप्त्याने भरायचे. मुलूख विजापूरचा, लढाई मराठ्यांची, पैसे मराठ्यांचे. बादशहाकडून येणार होती ती फक्त ‘दिलं’ ही क्रिया. तिचा भाव चाळीस लाख होन.

महाराजांनी हे मान्य केलं. पुढे बादशहाचं फर्मान आणि मानाची खिलत आली तेव्हा रीतसर सामोरे जाऊन तीही स्वीकारली. आपण शाळेत पुरंदरचा तह शिकतो तो ‘दोन पावलं मागे’ म्हणून, आणि ते बरोबरच आहे. जून १६७० मध्ये माहुली परत घेतली गेली. त्याच वर्षी फेब्रुवारीत पहिला प्रयत्न फसला होता, माणसं मेली होती. तरी पुन्हा घेतली.

पण या दोन तारखांच्या मध्ये १२ मे १६६६ आहे. आग्र्याचा दरबार. तिथे मागच्या रांगेत उभं केल्यावर महाराज संतापले, आणि त्यांना खिलत देऊ केली तेव्हा त्यांनी ती अंगावर घ्यायला नकार दिला. जयपूरच्या लोकांनी त्या वेळी लिहिलेल्या पत्रांतून हे कळतं. जिवाला धोका होता, सभोवती बादशहाची राजधानी होती, सोबत नऊ वर्षांचा मुलगा होता. व्यवहार बघितला तर आग्र्यात नाही म्हणणं पुरंदरपेक्षा जास्त धोक्याचं होतं. मग एक वर्षापूर्वी खिलत घेणाऱ्या माणसाने तिथे ती का नाकारली?

अपमान झाला म्हणून, हे उत्तर आहेच. मला त्याच्या आत आणखी एक दिसतं. पुरंदरला त्यांच्याकडून किल्ले मागितले गेले, अटी मागितल्या गेल्या, आणि गळ्याशी सुरी असताना माणूस अटी मान्य करतो. त्यात लाज नाही. आग्र्यात मागितलं गेलं ते वेगळं होतं. या रांगेत उभं राहायला मिळालं म्हणून तुम्ही खूश व्हा, हा पोशाख मोठी कृपा म्हणून अंगावर घ्या आणि वाकून सलाम करा. म्हणजे कृतज्ञ व्हा. कबुली बळजबरीने घेता येते. कृतज्ञता मात्र माणसाने स्वतः द्यावी लागते. ती महाराजांनी दिली नाही.

*

तुम्ही म्हणाल, सतराव्या शतकातला राजा आणि वाडीवरचा म्हातारा यांची तुलना कशाला? राजाकडे किल्ला परत घ्यायला फौज होती. बाबांकडे काय आहे?

हे खरं आहे, आणि त्यामुळेच प्रश्न बाबांसाठी जास्त टोकदार होतो. ज्याला उद्या नाकारायची ताकद आहे त्याने आज काहीही लिहून दिलं तरी चालतं. ज्याच्याकडे ती नाही, त्याला आपला शब्दच सांभाळावा लागतो. आणि या भागातल्या लोकांचा शब्द कसा बदलला गेला याचा इतिहास आहे.

भाताची रोपं करण्याआधी राब भाजायची रीत इथे सगळ्यांना माहीत आहे. झाडांच्या फांद्या छाटायच्या, आइनाच्या विशेषतः, त्या पालापाचोळ्यासकट वाफ्यावर पसरून जाळायच्या. १८७८ च्या वन कायद्यानंतर सरकारने जंगलं राखीव केली आणि राबासाठी फांद्या तोडण्यावर बंधनं आली. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत एवढा असंतोष झाला की इंग्रजांना चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. १८८७ मध्ये त्याचा अहवाल आला. त्या काळच्या सगळ्या सरकारी वादाचा कणा एका शब्दात होता: लोक जंगलातून जे घेतात तो त्यांचा हक्क, की सरकारने दिलेली सवलत? सरकारला सवलत हा शब्द हवा होता. फांद्या त्याच, कोयता तोच, वाफाही तोच. पण हक्क असेल तर तो तुमचा असतो, आणि सवलत असेल तर ती कुणीतरी दिलेली असते. दिलेली गोष्ट काढूनही घेता येते.

उन्हाळ्यात शहापुरात आलात तर याचं ताजं रूप रस्त्यावर दिसेल. तानसा तलाव १८९२ पासून मुंबईला पाणी पुरवतो. पुढे वैतरणेवर मोडकसागर झालं, मग भातसा. हे सगळं पाणी या तालुक्यात अडवलेलं आहे. आणि याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो. टँकर आला की लोक मनापासून हात जोडतात, आणि तहानलेल्याने हात जोडले तर त्याला मी कोण बोलणार? पण धरणाच्या पाण्याकडे बघत टँकरवाल्याचे आभार मानायची वेळ यावी, याला राज्य पक्कं बसणं म्हणतात.

२००६ चा कायदा करणाऱ्यांना हे कुठेतरी समजलं असावं. त्या कायद्याच्या नावातच ‘वनहक्कांची मान्यता’ असे शब्द आहेत. वननिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला हे त्याच्या प्रास्ताविकातच म्हटलं आहे. नमुन्याचं नाव ‘दावा’ आहे. म्हणजे कायदा म्हणतो, हक्क होताच, आम्ही आता तो ओळखतो आहोत. तालुक्याला मात्र सगळे म्हणतात, ‘पट्टे वाटप’. आणि मी, ज्याला या कामाची कळकळ वगैरे आहे असं मला वाटत होतं, मी कायद्याने दिलेला ‘दावा’ हा शब्द बाजूला ठेवून शाळेतल्या सवयीने ‘मिळावी’ लिहिलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. राज्य माझ्या हातात इतकं मुरलं होतं.

*

एक आक्षेप मी स्वतःच स्वतःला घेतला. ‘आपलं’ म्हणजे तरी काय? १६३६ मध्ये माहुलीच्या पायथ्याशी दहा वर्षांचं एखादं पोर असेल, तर १६७० पर्यंत त्याने निजामशाही, आदिलशाही, स्वराज्य, मोगल आणि पुन्हा स्वराज्य एवढं बघितलं. चव्वेचाळीस वर्षांचा होईपर्यंत चार वेळा धनी बदलला. कोणत्याही वेळी त्याला कुणी विचारलं नाही. मला स्वराज्याचा अभिमान आहे, १६७४ चा राज्याभिषेक मला हीच गोष्ट वाटते की आता आम्ही कुणाचं दिलेलं घेणार नाही. पण राज्याभिषेकानंतर सनदा देणारे आपण झालो, हेही खरं. घोषणा देत माहुली चढणाऱ्या आमच्यासारख्यांना वाट दाखवायला वाडीतली पोरं पुढे असतात. हा डोंगर कुणाचा, हे आम्ही त्यांनाही कधी विचारत नाही.

दुसऱ्या खेपेला गेलो तेव्हा मी बाबांना हेच विचारलं. तुमची, तुमची म्हणता, पण तुमच्या आधी कुणाची होती?

ते मला शेतावर घेऊन गेले. उतारावर दगड रचून घातलेले बांध होते. एक त्यांच्या बापाने घातलेला, दोन त्यांनी. एका कडेला मोहाचं झाड. “आधी कुणाची व्हती मला काय ठावं,” ते म्हणाले. “बांध कुणी घातला ते ठावं हाये.”

मला ते पुरेसं वाटलं. त्यांनी सगळ्या डोंगरावर मालकी सांगितली नव्हती. अनादि काळापासून आम्हीच, असंही म्हटलं नव्हतं. जिथपर्यंत हात राबले तिथपर्यंत माझं, एवढंच. राजांच्या कागदांत मुलखाची सीमा कुठूनही कुठेही जाते, कारण त्यांना बांध घालायचा नसतो. बाबांचा दावा बांधाला येऊन थांबत होता, म्हणून तो खरा वाटत होता.

म्हणून मी आता ज्या मताला आलो आहे ते असं. कागद घ्यावा. मुलाचं म्हणणं बरोबर आहे, कागदाशिवाय आजच्या जगात माणूस उघडा पडतो, आणि नुसत्या ताठ मानेने पोट भरत नाही. पुरंदरला जे शहाणपण होतं ते वाडीवरच्या माणसाला नाकारायचा आपल्याला अधिकार नाही. पण कागदासोबत उपकार घेऊ नये. आपलंच आपल्याला मिळालं तर त्याची पोच द्यावी, आभार मानू नयेत. या दोन गोष्टींत फरक आहे हे विसरायला लावणं, हेच राज्य बसवण्यातलं सगळ्यात मुरलेलं काम आहे. तिथे शिपाई लागत नाही, माझ्यासारखा अर्ज लिहून देणारा पुरतो.

मी जुना अर्ज फाडला. नवीन लिहिला: ‘ही जमीन आम्ही कसतो. माझ्या वडिलांपासून कसतो. तशी नोंद व्हावी.’ बाबांनी दोनदा वाचायला लावलं आणि अंगठा दिला. कार्यालयात एकाने तो वाचून “असं लिहीत नाहीत हो” म्हटलं, पण घेतला.

पुढे बऱ्याच काळाने कागद आला. कायद्याप्रमाणे नवरा-बायको दोघांच्या नावाने. एका कार्यक्रमात तो वाटला गेला, मांडव, हार, भाषणं. मीही गेलो होतो. फोटोवाला प्रत्येकाला म्हणत होता, साहेबांकडे बघून हात जोडा. बाबांनी कागद दोन्ही हातांनी धरला होता, त्यामुळे हात जोडले गेले नाहीत. मुद्दाम की सहज, मी विचारलं नाही. आजीने मात्र जोडले.

कागदावर क्षेत्र कमी लिहिलेलं होतं. तिसरा बांध त्यात नव्हता. मुलगा चिडला, आता पुन्हा मोजणीसाठी धावाधाव. घरी आल्यावर बाबांनी आढ्याची पिशवी काढायला सांगितली आणि नवा कागद त्या चार दंडपावत्यांवर ठेवला. पिशवीची गाठ मारता मारता म्हणाले, “तिसऱ्या बांधावर यंदा नाचणी टाकू.”